चौकचे पाटे आणि तांदळाची दोन पोती

आधी कबुली देऊन टाकतो. दिलीपनं हे लिहून मागितलं त्याला तीन महिने होत आले. मी म्हणालो, पाडव्याला देतो. पाडवा गेला. मग म्हणालो, हनुमान जयंतीला. आता परसातलं जांभूळ गळायला लागलंय आणि काल दिलीप नेरळहून सायकल हाणत येऊन दारात बसून गेला. आपल्या गाडीवेड्या मंडळींच्या सायक्लोस्टाइल अंकाची बाकी सगळी पानं तयार आहेत म्हणे, माझंच कोरं. म्हणून बसलोय. उशीर का केला ते ओघात येईलच.

आमची फियाट तुम्ही पाहिलीय. आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची. बावीस वर्षं बोरघाटातून ट्रक चालवला, आणि तो सोडताना हातात आलेल्या पैशातून ही जुनी गाडी घेतली. मग कमरेचा मणका सरकला. दसऱ्यापासून आबा ओट्यावर. कर्जतच्या डॉक्टरनं दर आठवड्याला कमरेला वजन लावायला बोलावलंय, पण एसटीत धक्के, टेंपोत त्याहून धक्के, आणि आमच्या गाडीतही एकदा बसून कळवळून उतरले ते उतरलेच. मी विचारलं, गाडीचं काय करायचं. म्हणाले, "गाडी तुझी. मी काय बसणार हाय तिच्यात?"

मी ते शब्द उचलले आणि खिशात घातले. कारण मला हवे तेच होते.

गेल्या दिवाळीनंतर मुंबईकडच्या जुन्या धावपट्टीवर आपण गाड्या पळवल्या, तेव्हा वळणावर माझी गाडी अशी कलली की आतल्या बाजूचं मागचं चाक हवेत उठून नुसतंच गरगरत होतं. पुढचा गाडीवाला त्या वेळात चहा पिऊन आला असता. तेव्हाच ठरवलं, यंदा पुढच्या स्प्रिंगा आणि मागच्या चाकांवरचे पाटे, म्हणजे लोखंडी पट्ट्यांच्या कमानी, बदलायचे. रोज कडाव-कर्जत रस्त्यावर चालेल आणि वर्षातून दोनदा पट्टीवर पळेल, अशी गाडी करायची. ज्यांना हेच करायचंय त्यांच्यासाठी हा सगळा रस्ता सांगतो.

होळीच्या तिसऱ्या दिवशी सकाळी निघालो. कडावपासून कर्जत तशी वीस मिनिटं, मला दोन तास लागले. वाटेत पळस असा फुललेला की गाडी थांबवून बघत बसलो. मग कर्जत स्टेशनाबाहेर बटाटेवडा खायला उतरलो आणि घाट चढायला पुण्याच्या गाडीला मागून जादा इंजिनं लावतात ती बघत राहिलो. इंजिन येऊन टेकतं तेव्हा मधल्या बफरच्या स्प्रिंगा दबतात आणि अख्ख्या गाडीतून धक्का पुढं सरकत जातो. माझ्या शेजारी वडेवाला हात पुसत उभा होता. त्याला विचारलं, आत बसलेल्यांना जाणवत असेल का. तो म्हणाला, उभ्या माणसाच्या चहाला जाणवतं. तीन गाड्या बघितल्या. वडे चार झाले. वडा गरम असताना खा, त्यांची लाल चटणी नुसती मागितली तरी देतात.

कर्जतहून चौककडे जाणारा रस्ता तेव्हा अर्धा उखडलेला होता. खडी पसरलेली, रोलर झाडाखाली झोपलेला. तिथं मात्र कंपनीनं घातलेल्या पाट्यांचं मी मनातल्या मनात कौतुक केलं. घरच्या माणसांना आरामात न्यायला बनवलेली गाडी ती. खड्ड्यावरून म्हशीसारखी डुलत जाते. डुलणं मला पट्टीवर नको होतं, एवढंच.

चौकला मोठ्या रस्त्याला लागलो आणि सरळ खालापूरला गेलो, पिंट्याशेठकडे. पिंट्याशेठचा कोंबड्यांचा धंदा आहे आणि त्याच्यासारखी वेगात गाडी आपल्या मंडळींत कोण चालवत नाही. त्यानं पुढच्या स्प्रिंगांचा एकेक वेढा कापलाय, चारी शॉकप, धक्का पिणारे ते नळकांडे, कडक टाकलेत आणि गाडी एवढी खाली बसवलीय की रस्त्यात कोंबडी आडवी आली तर तिला वाकून जावं लागेल. मला शेजारी बसवून खोपोलीकडे नेलं. मंडळी, वळणं खरंच अफाट. गाडी कलतच नाही, दोरीनं ओढल्यासारखी जाते. मी मनात म्हटलं, हेच. मग आलं रेल्वेचं फाटक. रुळांवरून जाताना माझे दात एकमेकांवर आपटले आणि जीभ मध्ये सापडली.

परत आल्यावर तोंडात पाणी धरून मी त्याच्या आवारात उभा होतो, तर बाहेर टेंपोत अंड्यांचे ट्रे चढत होते. विचारलं, थोडी अंडी असतील तेव्हा आपल्या गाडीतून नेत नाहीस का. पिंट्याशेठनं एक ट्रे हातानं सरळ केला. म्हणाला, एकदा नेली होती. त्या दिवशी गल्लीभर सगळ्यांनी भुर्जी खाल्ली.

बायको बसते का, असंही विचारलं. ती एसटीनं जाते म्हणाला.

त्यानं मला त्याचा जुना पुढचा शॉकपचा जोड स्वस्तात दिला आणि तिथल्या तिथं बसवूनही दिला. तो घ्यावा, असं माझं आजही मत आहे. पुढच्या स्प्रिंगा कापू नका, आहेत त्याच ठेवा, शॉकप तेवढे कडक करा. नाक झुकायचं निम्म्यानं कमी होतं आणि रोजच्या रस्त्याला फारसं जाणवत नाही. प्रश्न राहिला मागच्या पाट्यांचा. पिंट्याशेठ म्हणाला, पाट्यासाठी मुंबईला जाऊ नकोस, चौकला गणू मिस्त्रीकडे जा. फक्त त्याच्याशी बोलू नकोस, त्याच्या बायकोशी बोल.

रात्री खालापूरला आत्याकडे जेवलो, वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी, आणि सकाळी चौक गाठलं.

गणू मिस्त्रीची भट्टी ढाब्यांच्या मागे, चिंचेखाली. ट्रकवाले तिथं रांग लावून असतात. मिस्त्री सांडशीत पाटा धरतो, तापवतो, ऐरणीवर ठेवतो. घण मारते ती जनाकाकी. पन्नाशीची, काटक बाई, लुगड्याचा काष्टा मारलेला, हातात आपल्याला दोन हातांनी उचलावा लागेल असा घण. मिस्त्री फक्त डोळ्यानं खूण करतो. पाट्याला किती बाक द्यायचा ते मात्र ती ठरवते. मी सवयीनं मिस्त्रीलाच सांगायला लागलो, की गाडी रेसची आहे, मागचे पाटे कडक हवेत, एक पाटा वाढवा. मिस्त्रीनं मान तिच्याकडे वळवली. ती म्हणाली, "मागं कोन बसतं?"

ही त्यांची रीत आहे, जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा. गाडीत रोज जे बसतं ते आणून बसवायचं. ट्रक असेल तर भरून आणायचा. मोटार असेल तर घरची माणसं आणायची, आणि ती बसलेली असताना काकी मडगार्डची कड ते चाकाचा मध्य हे अंतर वीत आणि बोटांनी मोजते, त्यावर बाक ठरतो. रिकाम्या गाडीला ती पाटा करत नाही. माझ्यासमोर एक पानवाला अख्खं कुटुंब जीपमध्ये बसवून उभा होता, सासूसकट, आणि काकी सासूला म्हणत होती की श्वास सोडा, मोजताना पोट आत घेऊ नका.

मी म्हणालो, मागं कोण बसत नाही.

"कोनच नाय?"

"नाय. कधीमधी तांदळाची पोती."

"मग पोती आन."

गेलो ढाब्यावर. ढाबेवाल्याकडून तांदळाची दोन पोती तासाभरासाठी मागून आणली, त्याबदल्यात त्याच्याकडे जेवायचं कबूल केलं. मटणाचा रस्सा बरा आहे, तिखट सांभाळा. पोती मागच्या सीटवर शेजारी शेजारी बसवली. काकीनं डिकी उघडायला लावली, तिथलंही वजन बघायचं म्हणून. आत जॅक, पाना, आणि आबांचा लाकडी ठोकळा होता, घाटात ट्रक थांबला की चाकामागे लावायचा तो, लोखंडी पट्टी मारलेला. काकीनं ठोकळा उचलला, उलटा केला, पट्टीवरून अंगठा फिरवला आणि होता तिथं ठेवला. मला वाटलं, लोहारणीला लोखंडाचं कौतुक.

"गाव कंचं तुजं?"

मी नेरळ सांगितलं. का सांगितलं, कोण जाणे. आमचं कडाव म्हटलं असतं तर कोणाचा, हे विचारलं असतं, आणि आबांना चौकपट्टी अख्खी ओळखते. मग घरी कोण कोण, गाडी कोणाची, हे सगळं आलं असतं.

ती मागच्या खिडकीतून बराच वेळ पोत्यांकडे बघत राहिली. म्हणाली, "चांगली बसल्यात रं. कन्हत नायत, कुंथत नायत."

मिस्त्री हसला नाही. त्यानं भाता ओढायला घेतला.

पुढचे दोन तास मी हललो नाही, आणि मला ओळखणाऱ्यांना कळेल ही केवढी गोष्ट आहे. पाटा लाल होतो, मग पिकल्या संत्र्यासारखा. बाहेर काढला की चार घाव, पाचवा नाही. मग जळक्या ऑइलच्या पिंपात बुडवतात, धूर असा उठतो की चिंच दिसेनाशी होते. काकी मारताना श्वासाबरोबर हलकेच "हां" म्हणते, आणि पाट्याचं टोक जिथं यायला हवं तिथं येतं. माप घ्यायला ती दर वेळी वाकत नाही, नुसत्या नजरेनं मिस्त्रीला "बस" म्हणते. एका ट्रकवाल्यानं थट्टा केली की काकी, मिस्त्रीचा बाक पण तूच काढलास काय. ती म्हणाली, त्याचा काढलाय, आता तुजी बारी.

जादा पाटा घालून, चार आवळण्या कसून गाडी माझ्या ताब्यात दिली. पोती उतरवल्यावर मागून गाडी वीतभर उंच दिसत होती, जणू कुणीतरी शेपटी धरून उचललीय.

कर्जतपर्यंत मी स्वर्गात होतो. चौकबाहेरच्या वळणावर पाय उचलला नाही, गाडी चिकटून राहिली. हसत होतो एकटाच. उखडलेल्या रस्त्यावर पोचलो तेव्हा हसू थांबलं, कारण मागचा भाग रिकामा, तो खडीवर टपटप उड्या मारत होता. पण पट्टीवर खडी नसते, असं म्हणून पुढं आलो.

संध्याकाळी घरी. आबा ओट्यावर. म्हणाले, पाटे केलेस का. मी हो म्हणालो. मग जे होईल असं मला वाटलं नव्हतं ते झालं. आबा भिंतीला धरून उठले, टोपी घातली आणि म्हणाले, बघू तरी कशी झालीय. माझी बहीण शोभा धावत उशी घेऊन आली. आबा मागच्या सीटवर बसले, जिथं सकाळी पोती होती तिथंच.

मी गाडी इतकी हळू कधी चालवली नसेल. पण गावाबाहेरच्या मोरीचा उंचवटा तिथंच होता. गाडीचा मागचा भाग उडाला आणि बसला. आरशात बघितलं तर आबांनी दाराची पट्टी पकडलेली आणि डोळे मिटलेले. आवाज काढला नाही. थोड्या वेळानं म्हणाले, फिरव.

उतरताना डिकीत काय वाजतंय म्हणून उघडायला लावली. ठोकळा बघितला, हातात घेतला. म्हणाले, "ह्याची पट्टी चौकच्या जनानं ठोकलीय. माझं नाव आतून कोरलंय बघ तिनं." मग गाडीच्या मागच्या बाजूला हात ठेवून दाबून बघितलं. "चांगले झालेत पाटे. रेसला मस्त."

आणि ओट्यावर जाऊन बसले. कर्जतच्या डॉक्टरकडे त्यानंतरही गेलेले नाहीत.

म्हणजे काकीला तेव्हाच कळलं होतं की गाडी कोणाची. आबांच्या कमरेचंही कळलं असणार, चौकला ट्रकवाल्यांकडून सगळ्या बातम्या पोचतात. आणि तरी तिनं मी मागितलं तसंच करून दिलं.

म्हणून लिहायला उशीर. दिलीपनं सांगितलंय, शेवटी नीट सल्ला दे, वाचणाऱ्यांनी कुठला पर्याय घ्यावा. पुढचे शॉकप घ्या, ते लिहिलंच. पाट्यांचं मी तीन महिने ठरवू शकलो नाही. वळणावर गाडी अशी जाते की सोडवत नाही, खरं सांगतो. आणि मोरी आली की आरशात अजून बघतो. जादा पाटा काढून टाकावा म्हणून दोनदा पाना घेऊन गाडीखाली शिरलो, आणि दोनदा तसाच बाहेर आलो. काढला तरी बाक पोत्यांच्या मापानंच दिलेला आहे, माणसाच्या नाही. चौकला परत जाऊन खरं सांगायचं तर काय तोंडानं सांगायचं. एवढंच लिहितो की तिथं गेलात तर काकीनं विचारल्यावर

थांबा. शोभा अंगणातून हाक मारतेय.

एसटीनं कोणी बाई आलीय म्हणते, चौकहून. काष्टा घातलेली. खांद्यावर गोणपाटात बांधलेलं पाट्यासारखं लांबडं लोखंड, ते खाली ठेवायला तयार नाही. शोभानं पाणी दिलं, तर म्हणाली पाणी मागनं, आदी मागं बसनारी दोन पोती कुठं हायत ती दावा.

आबा ओट्यावर मोठ्यानं हसतायत. टोपी मागतायत.