चतुराबाईच्या सशाचं ऑपरेशन

चतुराबाईनं सशाचं ऑपरेशन केलंच नाही, अशी कुजबुज अनसिंगात बरेच दिवस फिरत होती. वाशिमला नेला म्हणे, डॉक्टरणीशी संगनमत केलं, पोटाखाली नुसती पट्टी चिकटवून आणला आणि सख्ख्या दिराला फसवलं. पुढं पुढं तर पट्टीही गेली. बाई दवाखान्यात पोचलीच नाही, स्टँडजवळच्या रसवंतीत बसून परत आली, असं सांगणारे निघाले. त्यातल्या एकाला मी विचारलं, तू होतास का तिथं? म्हणाला, "नव्हतो, पन मले माहीत हाय." आमच्या गावात माहीत असायला तिथं असावं लागत नाही.

आता चतुराबाई कोण, ते सांगतो. साठी ओलांडलेली, काटक बाई. आवाज असा, की ती अंगणात कोंबडी हाकलते तेव्हा रस्त्यावरची माणसं बाजूला सरकतात. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. लोक म्हणतात, ऐकून ऐकून गेला बिचारा. मी म्हणत नाही, लोक म्हणतात. एकाच अंगणात दोन चुली. इकडं ती, तिकडं तिचा दीर रामकिसन आणि त्याची सून वैष्णवी. रामकिसनचा मुलगा वाशिमला दुकानात कामाला, तो सकाळी निघतो आणि शहाणा असल्यानं उशिराच येतो. दीर-भावजयीचं भांडण कशावरून सुरू झालं हे आता दोघांनाही सांगता येणार नाही. पण बंद करायची घाई कोणालाच नाही.

ससा मूळचा राखीचा, म्हणजे चतुराबाईच्या मुलीचा. पुण्यात तिच्या खोलीवर जनावर ठेवू देईनात, म्हणून ती सुट्टीत येताना त्याला पिशवीतून घेऊन आली आणि आईच्या गळ्यात टाकून गेली. राखाडी रंग, ताठ कान, नाव भुऱ्या. ते पाहून वैष्णवीनंही हौसेनं एक मादी आणली. तिचं नाव चिंगी. तिला आपल्या ओसरीवर पिंजऱ्यात ठेवली.

भुऱ्या वयात आला आणि अंगणाची रणभूमी झाली. दिसेल त्याच्या पायाभोवती घुरघुरत गोल फिरायचं, घोट्याला चावायचं आणि जाता जाता मागचा भाग वळवून मुताची पिचकारी मारायची, असा त्याचा दिनक्रम. फक्त चतुराबाईला सोडायचा. "स्वभाव मालकिणीवर गेला," असं मी एकदा सहज म्हणालो. तिनं ऐकलं. तेव्हापासून तिच्याकडचं ताक मला बंद आहे.

रामकिसनच्या धोतरावर तिसऱ्यांदा पिचकारी बसली तेव्हा तो चार माणसांसमोर गरजला, "वैनी, या सशाचा बंदोबस्त करा. नाई तर आसेगावच्या माह्या साडूले देऊन टाकतो. त्याले रस्सा लय आवडते."

"साडूले म्हना, आंधी सोताचे दात मोज," चतुराबाई म्हणाली. "मले या सशाचा लाड नाई. पन माह्या दारातून कोनी काई उचलून नेईन, हे होनार नाई."

लाड नाही म्हणायची, आणि सकाळी स्वतःच्या चहाआधी त्याला गवत टाकायची. मी समोरच राहतो, मला सगळं दिसतं.

मध्यस्थी वैष्णवीनं केली. "मोठ्या आई, त्याले खच्ची करून आना ना. वाशिमले डॉक्टरीन करते. मंग तो निवते." रामकिसननं अट घातली: ऑपरेशन झालं तर ससा राहील, आणि नंतर त्याच्यापासून काही भानगड झाली तर तो आसेगावला जाईल. चतुराबाईनं "हो" म्हटलं, पण ते असं, की ऐकणाऱ्याला शिवीच वाटावी.

पोळ्याच्या आधी ती टोपलीत ससा घालून एसटीनं वाशिमला गेली. डॉक्टर स्नेहानं काम नीट केलं. चतुराबाई परत आली ती अंगणाच्या मधोमध उभी राहिली आणि दोन्ही चुलींना ऐकू जाईल असं ओरडली, "डॉक्टरीन म्हनते, महिना-दीड महिना मादीपासून लांब ठेवा! आतलं लगेच सरत नाई! रग बी हळूहळू उतरते! ऐकलं का सगळ्याईनं?"

तिकडून रामकिसन म्हणाला, "जनम गेला माहा बैलाईत. मले शिकोते."

पहिले दिवस भुऱ्यानं सगळ्यांकडं पाठ फिरवली. कोपऱ्यात गोळा होऊन बसला, खाईना. चतुराबाई त्याच्या तोंडापुढं सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, काडी धरून तासन्‌तास शिव्या देत बसायची. "खाय ना रे मुडद्या. का बलावू तुह्या आसेगावच्या मामाले?" शेवटी त्यानं काडी खाल्ली, आणि अंगात ताकद येताच पहिली पिचकारी रामकिसनच्या चपलेवर मारली. पुन्हा तेच घुरघुरणं, तेच गोल फिरणं.

"हे तुमचं ऑपरेशन?" रामकिसन खूश होऊन म्हणाला. "बैल खच्ची केला का दुसऱ्या दिवशी मान खाली घालते."

"बैलाले तुमी दिसत असान, म्हनून घालते," चतुराबाई म्हणाली.

मग पोळा आला. आदल्या संध्याकाळी रामकिसननं बैलांच्या खांद्यांना हळद-तूप चोळून रीतीप्रमाणं म्हटलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." चतुराबाई आपल्या चुलीवरून म्हणाली, "बैलाईले आवतन, भावजयीले तोंडबी नाई." दुसऱ्या दिवशी ती तोरणाखाली बैल पाहायला गेली. वैष्णवी पुरण वाटत होती. त्यानंतर अंगणात काय घडलं ते त्या दिवशी कोणाला कळलं नाही. मलाही नाही, आणि याचं मला अजून वाईट वाटतं.

महिन्यानं चिंगी पोटाचे केस उपटायला लागली. वैष्णवीला वाटलं खरूज झाली. तिनं हळद लावली, खोबरेल लावलं. दोन दिवसांनी पाहते तर पिंजऱ्याच्या कोपऱ्यात त्या केसांची गादी आणि गादीत वळवळणारी उघडीबोडकी पिल्लं.

रामकिसन गोणी घेऊनच आला. मागं अर्धी गल्ली. मीही होतो, अशा वेळी शेजाऱ्यानं घरात बसू नये.

"वैनी, काढा ससा. फसवलं तुमी मले. ऑपरेशन केलंच नाई."

"केलं. टाक्याचा वण पाहा."

"मंग हे काय आभायातून पडले?"

"तुमच्या पिंजऱ्यात पडले. माहा ससा तिकडं गेलाच नाई. तुमच्या चिंगीले विचारा, थे कुठं गेल्ती."

लोक हसले. रामकिसनचा चेहरा लाल झाला. "माह्या घरातल्या मादीवर बोलाचं काम नाई!"

"मंग माह्या दारातल्या नरावर काहून बोलता? गेलाच नाई तो तिकडं."

"गेला नाई कसा?" रामकिसन गोणी आपटून ओरडला. "म्या सोता टाकला त्याले! पोयाच्या दिवशी नव्या झुलीवर मुतला, म्हनून कानाले धरून पिंजऱ्यात कोंबला! तुमचं तोंड नको सनावाराचं, म्हनून तुमी घरी यायच्या आंधी काढून बी घेतला! खच्ची केलेल्या जनावराचं काय भेव? माहे बैल जनमभर गाईच्या बाजूले बांधले, आजवर एक तरी गाय..."

आणि तो थांबला. वाक्य कुठं चाललंय ते त्याला आमच्यानंतर कळलं.

वैष्णवीनं हळूच डॉक्टर स्नेहाला फोन लावला आणि आवाज मोठा केला. "ऑपरेशननंतर काही आठवडे नर बाप होऊ शकतो," डॉक्टरीण म्हणाली. "म्हणून तर दीड महिना सांगितला होता ना?"

"सांगतला होता," चतुराबाई म्हणाली. "म्या आंगनात उभी राहून साऱ्या गावाले सांगतला होता." मग दिराकडं पाहून म्हणाली, "गोनी ठेवून जा भाऊजी. तुमच्या नातवाईले हातराले होईन."

रामकिसननं गोणीची घडी घातली आणि आत गेला. त्या दिवसापासून दोन चुलींमधलं भांडणही बंद आहे, आणि ते भांडणापेक्षा वाईट दिसतं. रामकिसननं अंगणात कुंपण घातलं, चतुराबाईनं त्यावर गोधड्या वाळत घातल्या. दिवाळीपर्यंत भुऱ्या मात्र खरंच निवला. उंबऱ्यात पाय पसरून आडवा पडतो, रामकिसन समोरून गेला तरी कान हलवत नाही. चतुराबाई निवली नाही. तिचं कोणी ऑपरेशन केलेलं नाही.

कुजबुज तरीही फिरतेच. आसेगावच्या साडूनं ती तिकडंही नेली म्हणतात. त्याचा रस्सा हुकला, त्याला काहीतरी सांगावं लागणारच.

ऑपरेशन झालं होतं. टाके मी पाहिले. पिल्लं झाली, कारण डॉक्टरणीनं सांगितलेल्या मुदतीआधी रामकिसननं ससा मादीपाशी टाकला.