समुद्र एका सकाळच्या अंतरावर

नगरकडच्या बेलापूरहून पहाटे निघालो आणि नगर, पुणे करत जेवणवेळेला अलिबागला पोचलो. गाडीत खारं वारं शिरलं तेव्हा थोरले बंधू म्हणाले, "लई जवळ हाय की रे. उगं बाऊ केल्ता."

बाऊ कुणी केला होता, ते मी विचारलं नाही.

माझी बायको शाळेत भूगोल शिकवायची. खाड्या, बेटं तिने जन्मभर फळ्यावर काढली. समुद्र पाहिला नाही. अलिबागसमोर पाण्यात किल्ला आहे, ओहोटीला तिथे चालत जाता येतं, हे तिने लग्नानंतर लगेच मला सांगितलं होतं. पण एकत्र घरात दोघांनीच फिरायला जाणं बरं दिसत नाही, म्हणून सगळ्यांनी मिळून जायचं ठरे. मग ऊसतोड येई, नाहीतर कुणाचं तरी लग्न. "पुढल्या साली जाऊ," बंधू म्हणत. ती गेली. वर्षश्राद्ध झाल्यावर, माझं मन रमावं म्हणून, त्यांनीच गाडी ठरवली. मला फक्त त्या किल्ल्यावर जायचं होतं.

किनाऱ्यावर उतरलो तेव्हा वाट बुडत चालली होती. बंधू पाण्याकडे बघत राहिले.

"वरनं पानी सोडलंय काय?"

आमच्याकडे धरणातून पाटाला पाण्याचं आवर्तन सुटतं. त्यांना तसंच वाटलं.

घोडागाडीवाला हसला. "समुद्र कोण सोडणार, काका? भरती आहे. ही शेवटची फेरी. परत यायचं ते संध्याकाळीच."

"मग ऱ्हाऊ दे. हितनं दिसतोय की किल्ला. फोटू काढ अन् चल."

वहिनी म्हणाल्या, "व्हय भाऊजी. पुढल्या साली येऊ की परत."

मी घोडागाडीत चढलो. मागून हाक आली. वळून पाहिलं नाही. पाणी चाकांच्या आसापर्यंत आलं होतं.

किल्ल्यात गोड्या पाण्याचं तळं होतं, देऊळ होतं, बाकी पडझड. तटावर जाऊन बसलो. थोड्या वेळाने बंधूंचा फोन आला.

"अरं, कवा येतो? आमी हितं उन्हात काय करायचं?"

"पाणी उतरेपर्यंत थांबायचं."

"तवर?"

"तवर बसा, आण्णा."

फोन बंद केला. पलीकडे गाडीशेजारी दोघं ठिपक्यांएवढी दिसत होती, येरझाऱ्या घालणारी. तिच्या इच्छेपायी आमच्या घरातलं कुणी खोळंबलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो. मला त्यांची दया आली नाही.