जमादारांना ऐकवलेली कादंबरी

मला हैदराबाद संस्थानातल्या वालूरला दिलं तेव्हा माझ्या पेटीत लुगडी कमी आणि पुस्तकं जास्त होती. माझे वडील शाळामास्तर, त्यांनी वाचायची गोडी लावली होती आणि माझी मतंही तेव्हाच पक्की झाली होती. कादंबरीतली नायिका पोटभर रडली पाहिजे. सूर्योदयाचं वर्णन आलं की मी सरळ पान उलटायचे. सकाळ झाली हे सांगायला दीड पान कशाला लागतं? तेवढ्यात माझा अख्ख्या अंगणाचा सडा घालून व्हायचा.

माझ्या सासऱ्यांना, म्हणजे मामंजींना, गोष्टींचा भारी नाद. पण त्यांचं शिक्षण सगळं उर्दूत झालेलं, मराठी अक्षर त्यांना जड जायचं. म्हणून दुपारी ते ओसरीवर सुपारी कातरत बसायचे आणि मी दाराआड बसून वाचायचे. आमचं पटायचं नाही ते एकाच बाबतीत. नायिका रडली की ते वैतागायचे.

"परत रडायलीय का ती? हिला घरी काई काम न्हाई का? खुरपायला पाठव म्हनावं."

एकदा माझ्या भावाने पुण्याहून एक नवी कादंबरी पाठवली. मुखपृष्ठावर घोड्यावर बसलेली बाई, हातात तलवार. इंग्रजी हद्दीतून आलेलं पुस्तक आणि वर तलवार म्हटल्यावर ते पार्सल पोलीस चौकीत अडकलं. तिथले जमादार हैदराबादहून नुकतेच बदलून आले होते. त्यांना मराठी ना वाचता यायची ना कळायची. ते पुस्तक काखेत मारून आमच्या ओसरीवर आले.

"ये औरत किसके ख़िलाफ़ जा रही है?" त्यांनी चित्रावर बोट ठेवून विचारलं.

मामंजींनी चित्र निरखून पाहिलं. "सास के ख़िलाफ़ होगी, साहब."

जमादारांचं समाधान झालं नाही. अख्खी किताब ऐकूनच फैसला करणार म्हणाले. मग रोज दुपारी बैठक भरू लागली. मी दाराआडून वाचायचे, मामंजी दखनी उर्दूत सांगायचे आणि जमादार मिशीला पीळ देत ऐकायचे.

तिसऱ्या प्रकरणात नायिकेला नवरा लढाईत हरवल्याची बातमी कळते आणि ती मूर्च्छा येऊन पडते. मी ते अगदी गहिवरून वाचलं. मामंजींनी घसा साफ केला.

"बाई कू ग़ुस्सा आया. उठी और चार आदमियाँ कू मारी."

"शाबाश!" जमादार ओरडले.

मी दाराआडून जोरात खाकरले. "वाच पोरी, थांबू नको," मामंजी म्हणाले.

पंचाईत पुढच्या प्रकरणात झाली. पुस्तकात तिथे नेमकी चार माणसं हुक्का ओढत बसलेली, आणि 'चार' नि 'हुक्का' हे शब्द जमादारांनाही कळत होते. मी मुद्दाम सावकाश वाचलं. आता मामंजी काय करतात ते मला बघायचं होतं.

"ये उनके भाई हैं, साहब," मामंजी शांतपणे म्हणाले.

असं करत आम्ही शेवटाला आलो. नवरा परतत नाही आणि नायिका नदीत जीव देते. ते वाचताना मला हुंदकाच फुटला.

"बहू क्यों रो रही है?" जमादारांनी विचारलं.

अडकित्ता थांबला. मामंजी म्हणाले, "ख़ुशी से, साहब. मियाँ लौट आया. सारे गाँव कू खाना दिए."

जमादारांनी खुशीत मांडीवर थाप मारली. किताब एकदम साफ आहे म्हणाले आणि पुस्तक ओसरीवर ठेवून निघून गेले.

पुढे ते कामानिमित्त जवळच्या मानवत गावाला गेले. तिथल्या एका मास्तरांना त्यांनी ही गोष्ट मोठ्या कौतुकाने सांगितली. मास्तरांनी नेमकी तीच कादंबरी वाचलेली होती. जमादार परतले ते थेट आमच्याकडेच. आता मामंजींना बेड्या पडणार, असंच मला वाटलं.

ते दाराकडे पाहून म्हणाले, "बहू, सच बोलना. वो ज़िंदा है या नहीं?"

परक्या पुरुषाशी मी कधी बोलले नव्हते. पण इथे खोटं बोलवेना. "मर गई," मी म्हणाले.

जमादार मटकन खाली बसले. त्यांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. मग मामंजींना म्हणाले, "और वो चार आदमी?"

"वो भी मेरेच, साहब," मामंजी खाली मान घालून म्हणाले.

जमादार आधी नाकातून हसले, मग असे खदखदून हसले की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. मला मात्र हसू येईना. लेखकाने एवढ्या मेहनतीने मारलेली बाई अशी परस्पर जिवंत करणं मला मुळीच पटलं नव्हतं, आणि ते मी संध्याकाळी मामंजींना ऐकवलंही.

ते म्हणाले, "पोरी, तो मानूस घरापासून किती लांब राहायलाय. त्याला कशाला रडवायचं?"

त्यानंतर माझं एकही पार्सल अडलं नाही. चौकीवरचा शिपाई ते घरपोच आणून द्यायचा आणि जमादारसाहेबांनी विचारलंय म्हणायचा, वाचायला कधी बसणार?