ओठांतली तिसरी शांती

हजीऱ्याच्या कारखान्यात गेटवरच्या शिपायानं येऊन सांगितलं, "उधन्याहून फोन होता. तुमच्या वहिनी गेल्या," तेव्हा मी डबा उघडत होतो. डबा तसाच बंद केला. मनात जो पहिला विचार आला तो लिहायला लाज वाटते... आता दादाला सांगणारं कुणी उरलं नाही. क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. महिना होत आला, पण तो क्षण काही मला सोडत नाही.

कुसुमवहिनी माझ्या थोरल्या भावाची बायको. आम्ही शिरपूरकडचे, घरात अहिराणी बोलणारे. दादा उधन्यात लूमवर, म्हणजे कापडाच्या यंत्रमागावर होता, मीही त्याच्याच ओळखीनं लागलो. बायको-मुलं गावी, आणि मी दादाच्या एका खोलीत. लूमच्या खडखडाटानं दादाचे कान केव्हाच गेले होते. तो समोरच्याच्या ओठांकडं बघून बोलणं समजून घ्यायचा. संध्याकाळी वहिनी दिवा लावायची आणि शांतिपाठ म्हणायची. आकाशाला शांती, पाण्याला, झाडापाल्याला शांती, असं सगळं होऊन शेवटी तीन वेळा शांती. पहिली मोठ्यानं, पार जिन्यापर्यंत ऐकू जाईल अशी. पूर, रोगराई, जे माणसाच्या हातात नाही त्यासाठी. दुसरी हळू, आजूबाजूच्या जिवांकडून होणाऱ्या त्रासासाठी. आणि तिसरी नुसती ओठांत. "ती आपल्याच आत जे खदखदतं त्याच्यासाठी असते," ती सांगायची, "ते कुणाला ऐकवू नये." शाळेत तिच्या बाईंनी असंच शिकवलं होतं. घरात नियम एकच, तिसरी होईपर्यंत उंबरा ओलांडायचा नाही. मी पाळीवरून दमून आलेला, भिंतीला टेकल्या टेकल्या डोळे मिटायचे. मग ती म्हणायची, "विलासभाऊ, तुमले तर दुसरीलेच शांती मिळी गई." दादाला ऐकू जायचं नाही, पण तिचे ओठ बघून तोही हसायचा.

चौऱ्याण्णव सालच्या प्लेगच्या दिवसांत अर्धी चाळ रिकामी झाली होती. राहिलेले तोंडाला रुमाल बांधून फिरायचे, कुणी खोकलं की दारं लागायची. त्यात दादाला ताप भरला. दुपारपर्यंत अंग भाजत होतं आणि संध्याकाळी तो खोकू लागला... वहिनी मला म्हणाली, "रिक्षा आणा भाऊ, दवाखान्यात नेऊ. तोवर दिवा लावते." तिनं पाठ सुरू केला. मी चप्पल घालून दाराशी उभा होतो. पहिली शांती झाली, दुसरी झाली. दादा पुन्हा खोकला आणि मी तिसरीसाठी थांबलो नाही. तिनं मान वळवून माझ्याकडं बघितलं, ओठ अजून हलायचे होते.

नाक्यावर रिक्षा मिळाली. माणसांनी भरलेली. रिक्षावाला ओरडत होता, "स्टेशन, स्टेशन! एक जणनी जग्या छे!" मी बसलो. एवढंच झालं. कुणी ओढलं नाही, ढकललं नाही. पुढं लोकांना सांगताना मी मुलांचं नाव पुढं केलं, पण खरं सांगतो, त्या वेळी मुलं मनात नव्हती. माझा स्वतःचा श्वास तेवढा मनात होता. नंदुरबारच्या गाडीत दाराला लटकून मी रात्रभर स्वतःचं कपाळ चाचपत होतो.

इकडं वहिनीनं वाट पाहिली. मग शेजारच्या म्हाताऱ्याला हाताशी घेऊन कापडाचे ताके वाहायच्या हातगाडीवर दादाला निजवलं आणि ढकलत दवाखान्यात नेलं. हिवताप निघाला. मी परत आलो तेव्हा दादा खाटेवर बसून पेज पीत होता. "ऊना का भाऊ? माय कशी शे?" मला काही समजेना. वहिनीनं चुलीकडून वळून बघितलंही नाही. मग कळलं, तिनं त्याला सांगितलं होतं की आईला धीर द्यायला तिनंच मला गावी पाठवलं. मी म्हणालो, "बरी शे." ते खोटं त्या दिवशी माझंही झालं.

ती मला कधी बोलली नाही. ताटात भाकरी पहिल्यासारखीच पडायची. पण दिवेलागण मला सोसेना. हजीऱ्याला नोकरी धरली, तिथंच खोली केली. उधन्याला जायचो ते सकाळचा आणि ऊन उतरायच्या आत निघायचो. गेल्या दिवाळीत ती म्हणाली, "आज तरी दिवा लागेपर्यंत बसा." मी म्हणालो, बस चुकेल. "तुमची बस रोजच चुकते वाटतं," ती म्हणाली आणि फराळाची पिशवी हातात दिली... ती शेवटची भेट.

तेराव्याला पाहुणे पांगले. माझी बस खरंच निघून गेली होती. दादानं दिवा लावला. जन्मात त्यानं कधी पाठ म्हटला नव्हता. पहिली शांती त्यानं बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हटली. दुसरी जरा हळू. आणि तिसरीच्या जागी, तितक्याच हळू, म्हणाला, "विलास."

मी दिव्यावरची नजर काढून त्याच्याकडं बघितलं.

"अशीच म्हणायची ती," दादा म्हणाला. "तुम्हा लोकांना ऐकू यायची नाही. मला दिसायची. प्लेगच्या सालापासून रोज, तिसरीला तुझं नाव. कसाले रे भाऊ?"

तिसरी कशासाठी असते, हे मला माहीत होतं. तिनं माझ्यासाठी शांती मागितली, की माझ्यापासून, हे मात्र माहीत नाही. आता विचारायचं कुणाला? दादा माझ्या ओठांकडं बघत होता. ते हलले नाहीत.

म्हणून हे लिहिलं. दादा रविवारची पुरवणी अक्षरन् अक्षर वाचतो, ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत. हे तिच्यात छापून येईल त्या दिवशी मी उधन्याला जाणार आहे. त्याच्या समोर बसून त्याचे ओठ बघत राहीन, तो वाचत इथपर्यंत येईस्तोवर. मग तो म्हणालाच तर दिवा लागेपर्यंत थांबेन.