ढमाले सरांचे तरंगते अंडे

तीन मिनिटांत दूध उतू जाऊ शकते, घनता समजू शकत नाही, असे कैलास ढमाले यांचे ठाम मत होते. ते त्यांनी शिक्षकांच्या खोलीत, एसटीच्या थांब्यावर आणि पौडच्या सलूनमध्ये गळ्याभोवती पांढरे फडके असताना, म्हणजे थोडक्यात जिथे जिथे समोरच्याला उठून जाता येत नव्हते तिथे तिथे, सविस्तर मांडले होते.

ढमाले सर विज्ञानाचे पदव्युत्तर पदवीधर. पौडच्या पुढच्या एका माध्यमिक शाळेत वरच्या वर्गांना विज्ञान शिकवत. पन्नाशी ओलांडली होती, आणि तक्रार करताना त्यांचे मराठी विशेष खुलत असे. शाळेच्या गळक्या नळाविषयीचा त्यांचा एक अर्ज तालुक्याच्या कचेरीतल्या लेखनिकाने दोनदा वाचला होता. कारवाई काही झाली नाही, पण भाषेची वाखाणणी झाली. नळ अजून गळतो.

यंदाची तक्रार मात्र नळाहून मोठी होती. भुकूमच्या नव्या सोसायट्यांतली मुले पिवळ्या बसमधून इंग्रजी शाळांत जाऊ लागल्यापासून शाळेचा पट आटत चालला होता. पट टिकवायचा तर काहीतरी चकचकीत हवे, या विचाराने मुख्याध्यापक शेखर हगवणे यांनी उरवड्याच्या एका कारखानदाराकडून भिंत व्यापणारा टीव्ही मिळवला आणि आठवीच्या वर्गात बसवला. त्यासोबत प्रत्येक विषयाचे छोटे छोटे व्हिडिओ आले. विज्ञान शिकवायला एक हसऱ्या बाई होत्या. प्रकाशसंश्लेषण सांगताना त्या हसत, आम्लवर्षा सांगतानाही हसत, आणि साथीच्या रोगांचा पाठ तर त्यांनी एखाद्या लग्नाचे आमंत्रण द्यावे तसा हसत हसत संपवला होता.

"मुलं बाईंकडं टक लावून बघत्यात, सर," हगवणे सर म्हणाले. "म्हणून म्हणतो, सोमवारपासून आठवीचं विज्ञान बाईच घेतील. तुम्ही फक्त टीव्ही लावायचा, शेजारी उभं राहायचं, गडबड झाली तर दटावायचं."

"म्हणजे मी राखणदार."

"वर्गव्यवस्थापक म्हणा की."

ढमाले सरांनी मग शिक्षण, संस्कार, डोळ्यांचे विकार आणि वीजबिल अशा चार आघाड्यांवर भाषण केले. हगवणे सर शांतपणे सुपारी कातरत राहिले. भाषण संपल्यावर म्हणाले, "मग तुम्हीच करा की एक व्हिडिओ. बाईंचे बी तीनच मिनिटांचे असत्यात. पुढचा पाठ घनतेचा हाय. सोमवारी वर्गात लावू. पोरांनी नीट बघितला आन् डोकं चालवलं, तर आठवी तुमची. न्हाईतर बाईंची."

आठवी हा ढमाले सरांचा जीव की प्राण होता. नववीपासून मुले उत्तरे पाठ करू लागतात. प्रश्न विचारतात ती आठवीत.

रविवारी घराच्या पडवीत चित्रीकरण सुरू झाले. स्टुलावर धुतलेली चादर, त्यावर लोणच्याच्या दोन रिकाम्या काचेच्या बरण्या. एकीत साधे पाणी, दुसरीत मीठ विरघळवलेले. साध्या पाण्यात अंडे बुडते, मिठाच्या पाण्यात तरंगते. इतकी वर्षे शेकडो मुलांना दाखवलेला, कधीही दगा न दिलेला प्रयोग. मोबाइल धरायला मुलगी अपेक्षा होती. ती हिंजवडीला नोकरी करते आणि रविवारी घरी येते ती झोपायला, असे तिने सुरुवातीलाच स्पष्ट केले होते.

"सदर प्रयोगात आपणांस असे निदर्शनास येईल की—"

"कट! बाबा, हा पाठ आहे का जमीन मोजणीची नोटीस?"

दुसऱ्या वेळी सरांनी घनतेच्या संकल्पनेचा इतिहास सांगितला. वेळ संपली तेव्हा इतिहास नुकता ग्रीसमध्ये पोहोचला होता. तिसऱ्या वेळी सगळे जमत आले आणि मग लक्षात आले की अंडेच नाही. फ्रिजमधल्या शेवटच्या दोन अंड्यांचे अपेक्षाने सकाळी ऑम्लेट केले होते, आणि सरांच्या पत्नी जयाबाई बचत गटाच्या बैठकीला गेल्या होत्या.

सर स्वतः परसात गेले. भिंतीच्या आडोशाला गवत घातलेल्या पाटीत सात-आठ अंडी व्यवस्थित मांडलेली होती आणि कोंबडी दाणे टिपायला बाहेर पडली होती. सरांनी त्यांतले एक उचलले. त्यावर कोळशाची काळी रेघ होती. कॅमेऱ्यासमोर अस्वच्छ साहित्य ठेवणाऱ्या शिक्षकांविषयी सरांची मते तीव्र होती. त्यांनी ओल्या रुमालाने ती रेघ अंडे चकाकेपर्यंत पुसून काढली.

"आता पाहा," ते कॅमेऱ्याला म्हणाले, "साध्या पाण्यात अंडे सोडताच ते बुडते."

अंडे तरंगले.

"बुडते," सर पुन्हा म्हणाले, कारण वर्षानुवर्षे याच जागी त्यांच्या तोंडून हाच शब्द आला होता.

अंड्याने पाण्यात एक हिसका दिला.

"बाबा, ते हललं!"

"पाणी हलले."

अंड्याने दुसरा हिसका दिला, आणि नेमक्या त्याच क्षणी जयाबाई पडवीत आल्या.

"आवं, ह्ये कुटलं अंडं घेतलं? पाटीतलं? आन् त्याच्यावरची रेघ कुटं गेली?"

"मळ होता. पुसला."

"मळ!" जयाबाईंनी पिशवी खाली आपटली. "म्या कोंबडी बसवलीया अंड्यांवर. मधीच दुसरी कोंबडी येऊन तितं अंडं घालून गेली तर कळाया नगं? म्हणून कोळशाची खूण करत्यात. जलम गेला ह्या गावात, आन् सायबांना रेघ म्हंजी मळ! आतलं पिल्लू भाईर पडायला आलंय, आन् तुमी त्याला पोहायला शिकवताय?"

त्यांनी अंडे पदराने टिपले आणि पाटीत नेऊन ठेवले. मदतीला म्हणून सर मागोमाग गेले, तेव्हा परतलेल्या कोंबडीनेही आपले मत त्यांच्या मनगटावर नोंदवले.

अपेक्षा भिंतीला टेकून डोळे पुसत हसत होती. सगळे रेकॉर्ड झाले होते. "थांबा, दुकानातून ताजं अंडं आणते," ती म्हणाली. "पाच मिनिटांचं काम. हे डिलीट करून टाकते."

सर हो म्हणणारच होते. ताजे अंडे बुडाले असते, व्हिडिओ बाईंच्या व्हिडिओइतकाच बिनचूक झाला असता आणि आठवी कदाचित हाती राहिली असती. पण गेल्याच महिन्यात गौतमी नावाच्या मुलीने लंबकाचे आपले निरीक्षण शेजारणीचे पाहून बदलले होते, आणि सरांनी तिला भर वर्गात झापले होते. जे दिसले ते लिहायचे, पुस्तकात काय आहे ते नाही, असे काहीसे ते बोलले होते. बरेच आणि मोठ्याने बोलले होते.

"पुसू नकोस," सर म्हणाले.

"बाबा, पोरं हसतील. हगवणे सर तर वाटच बघत असतील."

"हसतील. अंडे तरंगले, हे मात्र खरे आहे."

मग मनगटाला हळद लावून सर पायरीवर बसले आणि विचार करू लागले. अंड्याचा आकार तोच. तरंगते, म्हणजे वजन घटले. पण बंद कवचातून वजन जाईल कुठे? चहा निवला, अपेक्षा झोपी गेली, आणि एकदम सरांना उलगडले. कवच बंद नसतेच! त्याला डोळ्यांना न दिसणारी भोके असतात. कोंबडीच्या उबेने आतल्या पाण्याची वाफ होऊन ती या भोकांतून रोज थोडी थोडी निघून जाते आणि तिच्या जागी हवा शिरते. सरांना इतका आनंद झाला की त्यांनी कोंबडीलाही मनोमन माफ केले.

अपेक्षाला उठवून त्यांनी शेवटचा तुकडा घेतला. "हे अंडे बुडायला हवे होते. ते का बुडाले नाही?" एवढे बोलून ते थांबले.

"आणि उत्तर?"

"ते मी वर्गात देईन," सर म्हणाले, आणि त्यांच्या गंभीर चेहऱ्यावर अस्सल लबाडी उमटली.

सोमवारी हगवणे सर खुर्ची घेऊन आठवीच्या वर्गात बसले. व्हिडिओ लागला. "बुडते" ऐकून मुले खुसखुसली, आणि "पोहायला शिकवताय" या वाक्याला तर असा हशा झाला की शेजारच्या वर्गातला इतिहास थांबला. हगवणे सरांच्या चेहऱ्यावर निकाल जवळजवळ लिहिलेला दिसत होता. मग प्रश्न आला, आणि पडदा काळा झाला.

"सर, आत हवा भरली असणार!"

"पिल्लू आत पोहतंय म्हणून!"

"सर, चूजा अंदर से धक्का मारत असेल," कारखान्यात कामाला आलेल्या बिहारी कुटुंबातला साहिल म्हणाला.

गौतमी उभी राहिली. "पण सर, पिल्लू वाढलं तर अंडं जड व्हायला पाहिजे ना? हलकं कसं झालं?"

"वा! बस," ढमाले सर म्हणाले. त्यांच्या तोंडून 'वा' निघाल्याचे शाळेच्या स्मरणात नव्हते. "विचार करा. मी सांगणार नाही."

हगवणे सर खुर्चीत चुळबुळले. "अहो, उत्तर द्या की! व्हिडिओत का न्हाई घातलं?"

"जागा उरली नाही."

"मला वाटतं," हगवणे सरांना राहवेना, "पिल्लू आतलं पाणी पीत असणार. म्हणून पाणी कमी होतंय."

"पण प्यालेलं पाणी पिल्लाच्या पोटातच राहणार ना, सर?" गौतमी म्हणाली. "आणि पिल्लू तर अंड्यातच आहे."

वर्ग पुन्हा हसला. हगवणे सर टाळू खाजवू लागले. "हां. मग जातंय कुटं?"

"हगवणे सर, प्रश्न विचारायचा असेल तर हात वर करा."

हगवणे सरांनी वर्गाकडे पाहिले, काळ्या पडद्याकडे पाहिले आणि हात निम्मा वर केला. तेवढ्यात घंटा झाली. कुणीच उठले नाही.

"उद्या बाईंचा पुढचा पाठ लावायचा ठरलं होतं," हगवणे सर हात खाली घेत म्हणाले.

"लावा ना. पाणी कुठे गेले ते बाईंनाच विचारा."

"त्या नुसत्या हसतील." हगवणे सरांनी खुर्ची उचलली. "राहू द्या. आठवी तुमचीच. पण उद्या मी बी येतो, मागं बसतो."

"अवश्य या," ढमाले सर म्हणाले. "वेळेवर या मात्र. उशिरा येणाऱ्याला मी दाराबाहेर उभा करतो."