पिवळी लोकर मळते

हिराकाकी गेल्याचा निरोप आला तेव्हा मी ओट्यावर चढून फळीवरचे डबे पुसत होते. कोपऱ्यावरच्या टेलिफोनच्या दुकानातला माणूस खालूनच ओरडला, "शिरगाववरून फोन होता, तुमची काकी वारली." त्याला सख्खी काकी वाटली असेल. मी "बरं" म्हटलं आणि पुढचा डबा पुसायला घेतला. तीन डबे पुसून झाल्यावर आपण काय ऐकलं ते मला कळलं... मग तिथेच ओट्यावर बसले. आम्ही पालघरला उतरून एसटीने शिरगावात पोचेपर्यंत तिला नेलं होतं. बाराव्याला पुन्हा गेलो, तेव्हा तिच्या पुतणसुनेने बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा माझ्या हातात ठेवला. "काकी बोलून ठेवलेली, ह्यो बोयसरच्या बायला द्या." त्याला आता महिना होऊन गेला. डबा मी त्याच दिवशी उघडला होता, पण त्याविषयी लिहायला आज बसले आहे.

तिचं माझं नातं एका भिंतीचं. बोयसरला कारखाने उभे राहत होते त्या दिवसांत नवऱ्याच्या नोकरीपायी मी नगरकडून आले आणि चाळीत हिराकाकीच्या शेजारची खोली आम्हाला मिळाली. तिचा नवरा एका कारखान्यात वॉचमन होता. शिरगावची वाडी दिराकडे. दुपारी जेवणं झाली की ती उंबऱ्यात पाय पसरून बसायची आणि क्रोशाची सुई चालवायची. ही कला तिला माहेरच्या एका शेजारणीने शिकवली होती. सुईकडे ती कधी बघायची नाही, बघायची रस्त्याकडे. कोण कुठल्या पाळीला चाललाय, कोणाची बायको माहेराहून आली, सगळ्यांची हजेरी घेत टाक्यांचे खांबामागून खांब घालत राहायची. मधूनच भिंतीपलीकडून हाक यायची, "बाय, तुजा भात लागतोय!" आणि तो खरोखरच लागलेला असायचा. नवी नवी असताना मला याचा राग यायचा. हिला आपलं घर नाही का, असं वाटायचं. पुढे माझी दोन मुलं गेली, तेव्हा तिचं घर कसं होतं ते समजलं.

पहिला मुलगा दुसऱ्याच दिवशी गेला. दुसरा तीन महिन्यांचा होऊन, छाती भरून गेला. त्याला पोचवून आल्यावर माणसं पांगली आणि हिराकाकी मला धरून भिंतीशी बसून राहिली. त्याच दिवशी तिने मला तिचं सांगितलं. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी तिला दिवस गेले होते. सातव्या महिन्यात तिने पिवळी लोकर आणून टोपरं विणायला घेतलं. मूल जन्मायच्या आधी त्याच्यासाठी काही शिवू-विणू नये, हे तिला ठाऊक होतं, पण हौस फार. मुलगा झाला तो रडलाच नाही. सासूने ते अर्धं टोपरं तिच्यासमोर धरलं आणि म्हणाली, तूच घाई केलीस. "मंग परत काय झालंच नाय," काकी म्हणाली. 

तिसऱ्या खेपेला, वैशालीच्या वेळी, दिवस भरत आले तसा माझा जीव टांगणीला लागला होता, पण बोलायला मात्र मी मोठी शहाणी. मॅट्रिक झालेली ना! हिराकाकी म्हणाली, "ज्याची पोरं ऱ्हात नाय, त्यानं मागून आणलेलं अंगावर घालायचं. सात घरचं. लेकुरवाळ्या घरचं." मी नाक मुरडलं. असल्या गोष्टींनी मुलं जगत असती तर दवाखाने कशाला काढले असते, असं बरंच काही ऐकवलं. ती ऐकून घ्यायची आणि सुई चालवायची. वैशू झाली, बारसं झालं, आणि एक दिवस काकी पदर खोचून बाहेर पडली. बाळाला स्कार्फ करायचा, म्हणून दारोदार लोकर मागायला.

कापडवाल्या गुजरातणीने हिरवी दिली. वेल्डरच्या बिहारी बायकोने, "ले लो दीदी, बच्ची जीती रहे," म्हणत नवऱ्याच्या मफलरची लाल कड उसवून दिली. पाम गावच्या भाजीवालीने लेकीचा शाळेचा फाटका स्वेटर आणून दिला, तो जांभळा. तारापूरच्या कोळणीकडे लोकर कुठली असणार? ती म्हणाली, "माज्याकरं जाल्याचा दोरा हाय, चालंल का?" काकीने तोही आणला. निळाशार नायलॉनचा. लोकरीत तो काही केल्या बसेना, तरी तिने दोन ओळी रेटून घातल्याच. आणखी दोन घरचे तुकडे मिळाले, अशी सहा घरं झाली. सातवं घर आमच्या घरमालकिणीचं ठरलं होतं, तर ती लेकीच्या बाळंतपणाला निघून गेली.

आणि त्याच आठवड्यात वैशूची छाती घरघरू लागली. ती तीन महिन्यांची झाली होती. डॉक्टरांचं औषध चालू होतं, मी तिला मांडीवरून खाली ठेवत नव्हते. काकी दारात आली. हातात तो रंगीबेरंगी स्कार्फ, वीतभर कमी. म्हणाली, "माज्याकडं पिवळी हाय. नवीच हाय, तशीच पडलीय... ती घालू का?"

ती कुठली पिवळी, ते मला माहीत होतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ती मीच. इतके दिवस तिला शहाणपण शिकवत होते, आणि त्या क्षणी त्या लोकरीचा एक धागा माझ्या मुलीच्या गळ्याला लागू नये म्हणून मी वैशूला छातीशी घट्ट धरलं. म्हटलं, "नको काकी. पिवळी मळते लगेच."

तिने स्कार्फ पदराखाली घेतला. मग म्हणाली, "हां, मळते खरी." आणि उन्हातान्हाची स्टेशनपलीकडे जाऊन कुठल्याशा घरून पांढरी घेऊन आली. पांढरी! पिवळीपेक्षा आधी मळणारी. तिने ती मुकाट्याने घातली, गाठ मारली, आणि स्कार्फ वैशूच्या कानांवरून गुंडाळून दिला.

वैशू बरी झाली. औषधाने म्हणा, कशानेही म्हणा. चौथीपर्यंत तो स्कार्फ तिच्या गळ्यात असे. आमच्याकडची थंडी ती केवढी, पण तिला तो हवाच. निळा दोरा टोचायचा म्हणून ती पट्टी बाहेरच्या अंगाला काढायची. रंग ती हिरवा-लाल असे शिकलीच नाही. गुजरातणीची, बिहारणीची, पामवालीची, कोळणीची, असं बोट ठेवून म्हणायची. एकदा तिने विचारलं, "काकी, तुझी कुठली?" मी आत पोळ्या लाटत होते, माझा हात थांबला. काकी हसून म्हणाली, "माजी नाय त्यात. मी नुसती विणली." त्यानंतर ती पुष्कळ वर्षं आमच्या भिंतीपलीकडे राहिली. माझा भात लागला की हाक मारत राहिली. त्या गोष्टीचा शब्द तिने काढला नाही, आणि मीही नाही.

नवरा गेल्यावर ती शिरगावला पुतण्याकडे गेली. गेल्या दिवाळीत आम्ही दोघी मायलेकी तिला भेटायला गेलो होतो. दिसायचं जवळजवळ बंद झालं होतं. वैशूने मुद्दाम स्कार्फ नेला होता. काकीने तो मांडीवर घेतला आणि बोटांनी एकेक घर ओळखत गेली. निळ्या दोऱ्यापाशी हसली. शेवटच्या पांढऱ्या पट्टीवर तिचं बोट जरा रेंगाळलं... माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. वैशू परसात गेली होती, आम्ही दोघीच होतो. मी म्हटलं, "चहा छान झालाय, काकी." एवढंच म्हटलं. तिची माफी मागायची ती तेवढीच वेळ होती, हे मला आता रोज वाटतं.

डब्यात अर्धं टोपरं होतं, त्यात सुई तशीच अडकवलेली. सोबत पिवळ्या लोकरीचा गुंडा, डांबराच्या गोळ्यांच्या वासाचा. टोपऱ्याला मी हात लावला नाही. बाजारातून दुसरी सुई आणली आणि चाळीशीत क्रोशा शिकायला बसले. लोकर इतकी जुनी, की जरा ओढली की तुटते. गाठी मारत मारत, चारदा उसवून, पांढरीच्या पुढे तीन ओळी घातल्या. वेड्यावाकड्या आहेत. काकीने पाहिल्या असत्या तर रस्त्याकडे बघतच त्या उसवायला लावल्या असत्या.

वैशू शाळेतून आली. तिने स्कार्फ उचलला आणि लहानपणीसारखं बोट ठेवत गेली. शेवटाला थांबली. म्हणाली, "आई, ही काकीची?"

मी मान डोलावली.

तिने ती पट्टी गालाला लावून पाहिली. "पण पिवळी आहे गं. मळेल ना?"

"मळू दे," मी म्हटलं.