पाण्यापुरतं मत

मतदानाला जाताना मी लेकीला मुद्दाम बरोबर घेतलं. नऊ वर्षांची ही बया इथले बाराही डच प्रांत घडाघडा म्हणते, तरी वर्गात कुणीतरी तिला "तू इथली नाहीस" असं ऐकवलं होतं. म्हटलं, चल, दाखवतेच तुला, आई इथली आहे की नाही!

आमचं गाव नीउ-व्हेनेप ज्या प्रांतात येतं, तो म्हणजे आपल्याकडचा जिल्हाच समजा. त्या दिवशी दोन निवडणुका एकदम होत्या, एक प्रांताची आणि दुसरी पाणी-मंडळाची. हे मंडळ बांध, कालवे, पंप सांभाळतं. त्याची हद्द वेगळी, टॅक्सही वेगळा. मला टपालाने एकाच मतदानाचा पास आला होता. दुसरा कुठेतरी गहाळ झाला असणार, असं मी धरून चालले.

टेबलामागच्या बाईंनी माझ्या हातात एकच मतपत्रिका ठेवली. पुढच्या आजोबांना मात्र दोन! झालं, माझं डोकं फिरलं.

"माझी दुसरी कुठाय?"

प्रांतासाठी डच पासपोर्ट लागतो, बाई शांतपणे म्हणाल्या. पाण्यासाठी इथे रीतसर राहत असलात की पुरे.

"वा गं वा! टॅक्स चालतो, मी चालत नाही!" हे मराठीत म्हटलं म्हणून निभावलं. लेक माझ्याकडे टक लावून बघत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मतपत्रिका टेबलक्लॉथएवढी. कालव्यातलं मला काय डोंबल कळतंय? जिचं नाव धड वाचता आलं, त्या उमेदवारापुढचा गोल लाल पेन्सिलीने रंगवला. बाहेर पडताना सवयीने शाईसाठी डाव्या हाताचं बोट पुढे केलं. बाईंना वाटलं, लागलंय. त्यांनी लगबगीने प्रथमोपचाराच्या पेटीतून चिकटपट्टी काढून बोटाला लावली. मीही लावून घेतली. पुण्याच्या ग्रुपवर टाकायला फोटो तर हवाच होता!

आपापल्या सायकलींवरून घरी येताना लेकीने डचमध्ये विचारलं, "मग आई, तू इथली की नाही?"

"पाण्यापुरती," मी चिडून म्हटलं.

ती सायकलवरून उतरलीच. "पण टीचर म्हणाल्या, आपलं अख्खं गाव आधी तळंच होतं, मग पाणी उपसून जमीन केली. घरं, शाळा, सगळं पाण्याच्याच जागेवर." मग अडखळत, चक्क मराठीत म्हणाली, "म्हणजे तू सगळीच इथली."

मला रडूच आलं, भर रस्त्यात.